पश्चिमेची भिंत

अफरोज मिस्त्रीने पाचवा नमुना भिंतीला टेकवला आणि किसनराव दचकले. नमुन्यात तसं वाईट काही नव्हतं. वीतभर रुंदीची, पांढरीशुभ्र बाहेरच्या भिंतीची टाइल. अफरोजने ती फडक्यात गुंडाळून, लेकरासारखी कडेला धरून आणली होती. पण ती टेकली नेमकी भेगेच्या बाजूला, भेगेवर आडव्या बसवलेल्या काचपट्टीच्या शेजारी, आणि पट्टीच्या दोन टोकांवरचे पीओपीचे गोळे त्या कोऱ्या टाइलइतकेच पांढरे दिसले. वणीत पांढरी वस्तू पंधरा दिवस पांढरी राहत नाही. दोरीवरचं धोतर राहत नाही, वृंदावनाचा चुना राहत नाही, पिठाच्या चक्कीवरचा माणूससुद्धा संध्याकाळपर्यंत करडा होतो. कोळशाचे ट्रक दिवसरात्र समोरून जातात आणि त्यांची काळी भुकटी ज्याच्या त्याच्या घरी न बोलावता येऊन बसते. या भिंतीचा मूळ रंग पिवळा होता हे आता फक्त घरातल्यांना ठाऊक होतं. आणि हे गोळे, खाली लाल ऑइलपेंटने लिहिलेल्या तारखेप्रमाणे, दोन वर्षं दोन महिने जुने होते.

"काय झालं काका? पसंत नाई का?" अफरोजने विचारलं. किसनराव काही बोलले नाहीत. संशय आला की गप्प बसायचं ही त्यांची जुनी रीत होती. आणि संशय त्यांना रोज येत असल्यामुळे लोक त्यांना शांत स्वभावाचा माणूस म्हणत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, आणि काचपट्टीकडे न बघता टाइलकडे बघत राहिले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मात्र गोळेच बघत होते. "पाचही मटेरियल तुमच्यासमोर ठेवलं," अफरोज म्हणाला. "पेंट, टेक्श्चर, दगड, टाइल, शीट. आता तुमी बोला." किसनरावांनी बोलणं त्याच्याच अंगावर टाकलं. "तुले काय वाटते?" अफरोज लगेच म्हणाला, फारच लगेच, "मले इचाराल तं शीट. ॲल्युमिनियमची फ्रेम ठोकाची, वरून शीट कसाची. वजन नाई, झंझट नाई. पाणी मारलं का साफ." मग टाइल काहून नाही, असं विचारल्यावर त्याने ती उचलली, तळहातावर तोलली आणि परत फडक्यात ठेवली. "टाइल भारी जाते. भित पुरानी आहे काका, बिनाकॉलमची. तिच्यावर बोझा कायले टाकता?" किसनरावांनी विचारलं, "भितीले काय झालं?" अफरोज म्हणाला, "कुछ नई. मी आपलं जनरल सांगून राह्यलो." आणि हे म्हणताना त्याची नजर क्षणभर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. तिथे विमलताई, किसनरावांच्या पत्नी, पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी निवडत होत्या.

नमुने तिथेच ठेव, तीन वाजता ये, तोवर ठरवतो, असं सांगून किसनरावांनी अफरोजला वाटेला लावलं. खरं म्हणजे चार महिने ते हेच ठरवत होते. पश्चिमेची भिंत उन्हाने तापते आणि भुकटीने काळी पडते, तेव्हा ऊन चढायच्या आत तिला काहीतरी अंगावर घालायला हवं, इतकं घरात एकमताने ठरलं होतं. पुढे मात्र घोडं अडलेलं. पेंट दर दोन वर्षांनी नवा हात मागतो. टेक्श्चरच्या खळग्यांत भुकटी घर करते. दगडाच्या फटींत पाली. शीटचा तुकडा किसनरावांनी आठ दिवस बादलीत बुडवून ठेवला होता आणि त्याचीच एक पट्टी गॅसवर धरून पाहिली होती. त्या वासाने विमलताई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. शीट पाण्यात फुगली नाही, जाळावर वाकली नाही, हे सगळं खरं, पण एवढी निर्दोष वस्तू कशी असेल हे त्यांना कळेना. आणि मग एके दिवशी कळलं. टाइल भिंतीला चिकटते. भिंत हलली की टाइल तडकते, पोकळ वाजते, निखळते. ती चुगली करते. शीट भिंतीपासून दोन बोटं दूर, आपल्या फ्रेमवर, तोंड शिवून बसते. मागे भिंतीचं काहीही होवो, बाहेरून घर नव्या नवरीसारखं. आणि अफरोज, नागपुरात राहणारा मुलगा राजदीप आणि विमलताई, ज्या तिघांचं चहातल्या साखरेवर एकमत होत नाही, ते तिघे शीटवर एक झाले होते.

ही काचपट्टी साधी वस्तू नव्हती. किसनराव एकतीस वर्षं खाणीच्या सर्व्हे विभागात चेनमन, म्हणजे मोजणीची साखळी धरणारे, होते, आणि भेगेवर काच लावणं हे त्यांचं हातखंडा काम. दगडी कोळसा काढायचा तर सुरुंग लावावे लागतात. सुरुंग लावले की आसपासच्या घरांना भेगा जातात. भेगा गेल्या की लोक अर्ज घेऊन येतात. मग भेगेच्या आडवी बोटभर रुंदीची पातळ काच ठेवायची, दोन्ही टोकं पीओपीने पक्की करायची, खाली तारीख टाकायची आणि वाट बघायची. भेग मेलेली असेल तर काच शाबूत. भेग जिवंत असेल, केसभर जरी सरकली, तरी काच फुटते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून जोत्यापर्यंत भेग उतरली तेव्हा राजदीप नागपुरातून धावत आला. घर सोडा म्हणाला, माझ्याकडे चला म्हणाला, आईसमोर आवाज चढवला. त्यावर किसनरावांनी शांतपणे काच आणली, लावली, तारीख टाकली आणि म्हणाले, "हे फुटलं का आमी दोघं तुह्याकडे. शब्द देतो. नाई फुटलं तं हा विषय पुन्हा काढाचा नाई." त्या दिवसापासून रोज सकाळी, तोंड धुण्याच्याही आधी, ते घर आणि आवारभिंत यांच्यामधल्या बोळात जाऊन काच बघून येत. काच शाबूत होती. सुरुंग रोज दुपारी अडीचला उडत होते, मांडणीतल्या ताटल्या रोज वाजत होत्या, आणि काच शाबूत होती. सत्तरीकडे झुकलेल्या या माणसाने जगात भरवसा ठेवला होता तो या सहा इंच काचेवर.

आता ते बोळात एकटेच उभे होते. त्यांनी बोट ओलं करून गोळ्यावरून फिरवलं. बोटाला काळं आलंच नाही, उलट पांढरं आलं. काच बदलली होती. म्हणजे आधीची फुटली होती. म्हणजे भेग जिवंत होती. या तीन वाक्यांपैकी तिसरं सगळ्यांत भयंकर होतं, पण किसनरावांचं मन पहिल्यावरच अडकून बसलं. कोणी बदलली? दोन दिवस ते महागावला बहिणीकडे गेले होते, काल संध्याकाळी परतले. आज उजाडता काच पाहिली तेव्हा ती शाबूत एवढंच पाहिलं. दोन वर्षांत गोळ्यांकडे बघायची सवयच गेली होती. आणि परवा, ते नसताना, अफरोज भिंतीची मापं घ्यायला येऊन गेला होता. भिंत काय दोन दिवस थांबली नसती? त्यांनी खिशातून फोन काढला. राजदीपने लगेच उचलला. एरवी तो तिसऱ्यांदा उचलतो. "बाबा, अजून ठरलंच नाही का?" नऊ वर्षं नागपुरात राहून राजदीपचं बोलणं गुळगुळीत झालं होतं, आणि गुळगुळीत वस्तूंवर किसनरावांचा मुळातच विश्वास नव्हता. "तू शीटच काहून म्हणतो?" त्यांनी विचारलं. "दिसते चांगली, बाबा. आणि उद्या काही करायचं म्हटलं तर घर बाहेरून टापटीप असलेलं बरं." "उद्या काय कराचं आहे?" पलीकडे कोणीतरी, बहुधा सून सुरभी, हळू काही बोललं. "काही नाही हो. जनरल बोललो."

सकाळपासूनचं हे दुसरं जनरल. किसनरावांनी फोन खिशात टाकला आणि त्यांच्या डोक्यात सगळं आपोआप जुळत गेलं. गिऱ्हाईक आलं असणार. घर विकायला काढलं असणार, त्यांना न विचारता. गिऱ्हाईक बोळात येणार, भेग बघणार, मग काच दाखवायची: बघा, दोन वर्षांपूर्वीची तारीख, काच जशीच्या तशी, भेग मेलेली आहे. त्यानंतर वरून शीट. अफरोजचं काम, राजदीपची अक्कल. स्वतःच्या पोराबद्दल इतक्या झरझर इतकं वाईट सुचतं याची त्यांना क्षणभर लाज वाटली. पण सुचलं ते बिनचूक होतं, आणि बिनचूक का होतं हेही त्यांना ठाऊक होतं. ही युक्ती त्यांच्या ओळखीची होती. ज्याने काच बदलली त्याने एकच चूक केली होती. गोळे काळे करायला विसरला होता. आपण नव्हतो विसरलो.

तो विचार आला तसा त्यांनी तो दूर सारला, पण तो गेला नाही. खाणीला लागून एक कोलामपोड होता, कोलाम आदिवासींचा दहाबारा घरांचा पाडा. तिथल्या जमनी नावाच्या बाईच्या घराच्या भिंतीला भेग गेली होती आणि किसनरावांनी तिथे काच लावली. अकराव्या दिवशी गेले तर काच दुभंगलेली. त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, नवी लाव, तारीख जुनीच राहू दे. किसनरावांनी लावली. मग साहेब उतरून आले, लांबून बघितलं आणि हसले. अरे, हे पांढरं तर बोलतंय, कोळसा चोळ त्याला. तेव्हापासून किसनराव पिशवीत कोळशाच्या भुकटीची पुडी ठेवत. एकदा नाही, तीनदा त्या घराची काच बदलली. जमनीला यातलं काही कळलं नाही. ते तिच्या घरी काहीतरी देखभालीचं करून जातात एवढंच तिला कळलं. काच जपा, तिला धक्का लावू नका, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून ती रोज पदराने काच पुसायची. गेलं की कोरा चहा द्यायची. तिचा म्हातारा भिंतीला टेकून बाजेवर पडलेला असे आणि हात वर करून रामराम करी. चौथ्या पावसाळ्यात भिंत खाली आली. म्हातारा त्याच बाजेवर होता. पावसाने भिंत कोसळली असं कागदावर लागलं, आणि पंचनाम्याच्या वेळी टेपचं एक टोक किसनरावांच्या हातात होतं. जमनी रडत नव्हती. विटामातीच्या ढिगाऱ्याकडे बघत ती त्यांना एवढंच म्हणाली, "भाऊ, काच सापडली का?"

जेवायला बसले तेव्हा विमलताईंनी ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकर वाढली. भाजी चांगली झाली होती, जरा जास्तच चांगली, आणि किसनराव घासागणिक तिच्यातलं कारण शोधत राहिले. अडतीस वर्षांत या बाईने त्यांच्याशी कधी खोटं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण आठवत नाही म्हणजे बोलली नाही असं थोडंच आहे. विमलताईंच्या हाताच्या नखांजवळ काहीतरी पांढरं होतं. पीठ असेल. "मंग शीटच सांगून टाकता का अफरोजले?" त्यांनी दुसरी भाकर वाढत विचारलं. "काहून? टाइल काय वाईट आहे? तूच म्हणे बाजूच्याईनं लावली तशी पाह्यजे." "म्हणे म्हणजे, तवा म्हटलं. आता नाई वाटत. भारी पडते थे." भारी. तोच शब्द, तोच तोल. म्हणजे हिलाही माहीत आहे. पोराने आईला फितवलं आहे. तीसुद्धा जायला तयार झाली, आणि आपण एकटेच या घराचे उरलो. राग आला असता तर बरं झालं असतं. आलं ते निराळंच, बाजारात गर्दीत बोट सुटलेल्या लेकराला येतं तसं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, वाचनालयात जाऊन येतो. "टोपी घालून जा, ऊन आहे," विमलताई म्हणाल्या. एरवी जाऊ नका म्हणतात.

ते टोपी घालून फाटकातून बाहेर पडले, कोपऱ्यापर्यंत गेले, मागचा रिकामा प्लॉट ओलांडला आणि बाभळीच्या फांद्या चुकवत मागच्या बाजूने आपल्याच बोळात शिरले. चोरासारखं शिरताना धाप लागली. अडीच वाजत आले होते. खाणीचा भोंगा झाला, लांबचा, कंटाळलेला. मग ती शांतता आली जिच्यात कुत्रीसुद्धा उभी राहतात. आणि मग पायाखालून कोणीतरी जमिनीला गुडघा मारावा तसा धक्का आला, खिडकीची तावदानं कुरकुरली, आत ताटल्या वाजल्या. किसनराव काचेवर डोळे लावून होते. काच शाबूत राहिली. मग त्यांनी खिशातून कपाटाची चावी काढली आणि तिच्या टोकाने काचेच्या मधोमध ठोकलं. बारीक आवाज झाला आणि काच दुभंगली. खाणीत असताना चोर पकडायची ही एकच तऱ्हा त्यांना माहीत होती: वस्तू मोडायची आणि बघायचं, कोण जोडायला येतं. तीन वाजता अफरोज येणार होता. फुटलेली काच तो बघणार, घाबरणार, पिशवीतून पीओपी काढणार. बोळाच्या टोकाला पाण्याची प्लॅस्टिकची टाकी होती. तिच्यामागे, तापलेल्या सिमेंटवर, किसनराव गुडघे जवळ घेऊन बसले.

बसल्याबसल्या त्यांना आपली भिंत अशी दिसली जशी कधी दिसली नव्हती, खालून, शत्रूच्या घराची दिसावी तशी. पाचही नमुने तिच्या पायाशी ओळीने उभे होते आणि प्रत्येकाने तिच्यावरचं एकेक हातभर काळं झाकलं होतं. ही भिंत बांधली तेव्हा विमलताईंनी स्वतः विटा भिजवल्या होत्या. खाणीच्या क्वार्टरमधून रोज चालत यायच्या, राजदीपला झाडाखाली बसवायच्या आणि पाइप धरून उभ्या राहायच्या; गवंडी म्हणायचा, वहिनी, बस करा, भिंतीला सर्दी होईल. ती बाई आज शीट म्हणते. किसनरावांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांना वाटलं, काच फुटली हे राजदीपला आत्ता फोन करून सांगावं आणि मोकळं व्हावं. शब्द दिला होता, जायचं, त्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरात बसून खाली बघत राहायचं. पण कोणी फसवून नेतं आहे आणि आपण जातो आहोत, यात फरक आहे. तो फरक एकदा डोळ्यांनी बघायचा होता, मग काय व्हायचं ते होवो.

पावलं वाजली ती फाटकाकडून नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडून. विमलताई पदर खोचून बोळात आल्या, थेट काचेपाशी. त्यांनी काच पाहिली आणि तोंडाने च्‌ केलं, दूध उतू गेल्यावर करतात तसं. दचकल्या नाहीत. तळहात भिंतीवर ठेवून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग आत गेल्या आणि परतल्या तेव्हा एका हातात चमचा घातलेली वाटी होती, एका हातात फडकं आणि उलथनं. सरावलेल्या हातांनी त्यांनी जुने गोळे उलथन्याने उचकटले, फडक्यातून काचेची नवी पट्टी काढली, वाटीतला पीओपी चमच्याने ढवळला. किसनरावांच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की हात किती नीट चालतो हिचा. मग ते उठले. टाकीला धक्का लागला आणि पाणी डुचमळलं.

विमलताईंनी वळून पाहिलं. किंचाळल्या नाहीत. "टोपी काहून काढली?" त्या म्हणाल्या.

"किती येळा?" किसनरावांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"घरात चला. उनात नका उभे राहू."

"किती येळा म्हणतो मी."

"चार. आजची धरून पाच."

"आजची मी फोडली. चाबीनं."

विमलताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, नखशिखांत, बाभळीचे काटे लागलेल्या पायजम्यापर्यंत. "मंग चारच," त्या म्हणाल्या.

बोळात सावली नव्हती. दोघं नमुन्यांच्या रांगेसमोर उभे होते, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासारखे, आणि किसनरावांना एकेक करून विचारत जावं लागलं, कारण विमलताई आपणहून काही सांगत नव्हत्या आणि विचारलेलं काही लपवतही नव्हत्या. पट्ट्या अफरोजने कापून दिल्या होत्या. "मी म्हटलं आरसा फुटला, पट्ट्या करून दे. एक आरसा चार येळा कसा फुटते, हे थ्यानं एकदाही इचारलं नाई. पण समजला थो. म्हणून तं टाइल नको म्हणते बिचारा, अंगावर पडन म्हणून." राजदीपला काही माहीत नव्हतं, गिऱ्हाईक वगैरे कोणी नव्हतं, ते ऐकून विमलताईंना हसूच आलं. फुटायची ती दुपारीच, सुरुंगानंतर, किसनराव वाचनालयात असताना. ते परतायच्या आत सुकून जायचं. परवा मात्र काच लावली आणि मागोमाग अफरोज मापं घ्यायला आला, काल पाहुणे, मग काळं करायचं राहून गेलं. आणि हे कुठे शिकलीस, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्याचकून. क्वार्टरच्या आंगनात बसून तुमी एक दिवस पांढऱ्या गोळ्यावर कोळसा चोळून पाह्यत होते, कसा लागते म्हणून. मी म्हटलं, चांगलं पांढरं मळवता कायले? तं म्हणे, सायबाचं काम आहे." त्या थांबल्या. "त्या घराचं काय झालं मंग?"

हे त्यांना आजवर कोणीच विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, पंचांनी नाही. "पडलं," किसनराव म्हणाले.

"माणसं?"

"एक म्हातारा होता. निजला होता."

विमलताईंनी वाटी खाली ठेवली. आतला पीओपी एव्हाना घट्ट झाला होता आणि चमचा त्यात उभा राहिला होता. किसनरावांना वाटलं आता ही काहीतरी म्हणेल, कशी माणसं तुम्ही, असं काहीही; त्याची वाट बघण्यातही एक सुख होतं, इतक्या वर्षांनी. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग किसनरावांच्या मनातलं, सकाळपासून बाजूला पडलेलं ते तिसरं वाक्य पुढे आलं. "भेग जिती आहे," ते म्हणाले. "दोन वर्सांपासून तुले मालूम होतं. मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी नागपूरची गाडी धरली असती." त्यांनी डोळ्यांवर हात धरला, उन्हासाठी की कशासाठी कळलं नाही. "मले नाई जा लागत तिथं. सातव्या माळ्यावर दार लावलं का आपन कोनाचेच नाई. राजदीप चांगला आहे, सुरभी चांगली आहे. मी काई म्हणत नाई त्याईले. पन मले हेच घर पाह्यजे. मेली तरी."

"आन पडली असती तं?" किसनरावांचा आवाज चढला. "या भितीले टेकून आपला पलंग आहे. रोज निजतो तिथं. पडली असती तं?"

"तुमच्या अंगावर नसती पडली," विमलताई म्हणाल्या. "भितीच्या बाजूनं मी आहो ना."

लग्नापासून भिंतीकडची बाजू किसनरावांची होती. दोन पावसाळ्यांपूर्वी एकदा विमलताई म्हणाल्या होत्या, पंख्याचा वारा सोसत नाही, मला भिंतीकडे झोपू द्या. आणि त्यांनी उशी उचलून इकडची तिकडे केली होती. पंखा तर छताच्या मधोमध होता. दोन्ही बाजूंना सारखाच लागत होता. दुधात पाणी शोधणारा, पोराच्या फोनमधला श्वास मोजणारा हा माणूस, दोन वर्षं शेजारी निजला आणि या एका गोष्टीबद्दल त्याला कधी शंका आली नाही. त्यांनी भिंतीला हात टेकला. भिंत कढत होती. त्यांना रडू आलं, आणि ते पुसायला टोपीशिवाय हातात काही नव्हतं.

फाटक वाजलं. अफरोज मापाची टेप बोटाभोवती फिरवत बोळात आला, दोघांना पाहिलं, वाटी पाहिली, खाली पडलेले काचेचे तुकडे पाहिले आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याने विमलताईंकडे बघितलं, मग जमिनीकडे. "काय ठरलं काका?" त्याने हळूच विचारलं.

"शीट नको," किसनराव म्हणाले. "टाइल नको, काहीच नको. भित उतरवा लागते. छताले टेकू लावून, पूर्ण, जोत्यापर्यंत. मंग कॉलम घेऊन नवी. माणसं किती लागतीन?"

"काका, पन तुमी रायसान कुठं तवर?"

किसनरावांनी मागे वळून पाहिलं. विमलताई बोळात नव्हत्या. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून त्या दिसल्या. पलंगावरची चादर काढून झाली होती, आणि आता त्या एकट्याच गादी ओढून पुढच्या खोलीकडे नेत होत्या.

"उद्या सकाळी ये," ते अफरोजला म्हणाले, आणि गादीचं दुसरं टोक धरायला आत गेले.